अनसाबाईनं नाव घेतलं

“रघुनाथ हॉटेल नाही. हॉटेल रघुनाथ नाही. आणि नुसतं क्रेस्ट तर नाहीच नाही.” राजाध्यक्षांनी टाळी वाजवली. “पुन्हा. द रघुनाथ क्रेस्ट, कोल्हापूर. पूर्ण नाव. इंग्लिशमध्ये. आणि हसून.”

लाँड्रीमागच्या अंगणात आम्ही सगळे ओळीनं उभे होतो. आचारी, वेटर, माळी, झाडूवाले, खोल्या आवरणाऱ्या बायका. वर दोरीवर ओल्या चादरी, खाली आम्ही. सर्जेराव माळ्याची पाळी आली तसं त्यानं टोपी काढली, छाती फुगवली आणि एका दमात म्हणाला, “गुड मॉर्निंग, वेलकम टू कोल्हापूर रघुनाथ क्रेस.”

सगळे खदाखदा हसले. राजाध्यक्ष हसले नाहीत. “तू शेवटी जेवणार,” ते म्हणाले.

हा त्यांचा नियम. जो नाव चुकेल, त्यानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या मागून जेवायचं, आणि तेही उभ्यानं. आमचं हॉटेल मूळचं पाटलांचं. पाटलांच्या पोरांना ते झेपेना, तेव्हा त्यांनी ते दिल्लीच्या एका साखळीला चालवायला दिलं. साखळी रघुनाथ सेठी नावाच्या कुणा गृहस्थानं काढलेली, म्हणून नाव रघुनाथ क्रेस्ट. ते नाव कसं घ्यायचं आणि कसं घ्यायचं नाही, हे शिकवायला मुंबईहून हा समीर राजाध्यक्ष आलेला. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, खिशाला कोल्हापुरात कुणी बघितला नव्हता असला पेन. शुक्रवारी दिल्लीची तपासणी होती. तपासणीवाले म्हणे कुणालाही वाटेत अडवून विचारतात, तुम्ही कुठं काम करता? झाडूवाल्यालासुद्धा. त्यानं पूर्ण नाव इंग्लिशमध्ये सांगितलं तर मार्क, नाही तर गेले.

मी तेव्हा हाउसकीपिंगची सुपरवायझर होते. नाव प्रमिला मगदूम. माझी जीभ तिखट, म्हणून माघारी सगळे मला मिरची मॅडम म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

माझ्या ओळीत सगळ्यात शेवटी अनसाबाई चौगुले उभी होती. चाळिशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत. पलंगावरची चादर ती अशी ताणून घालायची की तीवर सुरकुती शोधून सापडू नये. त्या दिवशी तिच्या डाव्या मनगटाला क्रेपबँडेज होतं. तिची पाळी आली.

“गुड मॉर्निंग,” अनसाबाई म्हणाली. स्वच्छ म्हणाली. “वेलकम टू...”

आणि थांबली. पदर तोंडावर गेला.

“द रघुनाथ क्रेस्ट, कोल्हापूर,” राजाध्यक्षांनी सांगितलं. “म्हणा.”

अनसाबाई खाली बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“इंग्लिश कठीण जातंय का? तुकडे करून म्हणू या. द.”

“द.”

“रघुनाथ.”

गप्प.

“रघुनाथ! यात इंग्लिश काय आहे? मराठीच नाव आहे.”

मागून सर्जेराव ओरडला, “त्यांच्या मालकांचं नाव हाय सर त्ये!”

“मालकांचंच आहे,” राजाध्यक्ष म्हणाले. “रघुनाथ सेठीसाहेब आपल्या सगळ्यांचेच मालक आहेत. म्हणूनच मी म्हणतोय की...”

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही, इतके सगळे हसले. आमच्याकडं बाई नवऱ्याला मालक म्हणते, हे त्या मुंबईकराला कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. ऐकून तेही हसले, आणि ते हसणं मला आवडलं नाही. खेळायला नवीन वस्तू मिळाल्यासारखं ते हसले.

“म्हणजे या काळात? नवऱ्याचं नाव घेत नाही?”

“उखाण्यात घेत असतील की सर,” कुणी तरी म्हणालं. “घ्या मावशी, उखाणा घ्या.”

“लग्नात, हळदीकुंकवात घ्यायचं असतंय,” अनसाबाई पदराआडून म्हणाली. “त्याला दोष न्हाई. एरवी न्हाई घेत.”

“एरवी घेतलं तर?”

तिच्या शेजारच्या बाईनं सांगितलं, “आयुष्य कमी हुतंय सर मालकांचं.”

“बरं,” राजाध्यक्ष म्हणाले आणि पेन काढून त्यांनी तळहाताएवढ्या कागदावर काही तरी लिहिलं. “आज सोमवार. बुधवारपर्यंत ज्याला नाव घेता येणार नाही, तो शनिवारपासून इथं नाही. एकाला सूट दिली की उद्या सगळ्यांचे नवरे रघुनाथ निघतील.”

परत सगळे हसले.

दुपारी मी अनसाबाईला चादरींच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं आणि चांगली फैलावर घेतली.

“हे काय लावलंय तुम्ही? नोकरी गेली तर काय करणार आहात? संगीताचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे ना मिरजेला? तिला परत आणणार घरी?”

संगीता तिची एकुलती एक लेक. तिच्यासाठी बापानं एक बिजवर ठरवून ठेवला होता, चाळीस वर्षांचा, वीटभट्टीवाला. अनसाबाईचा पगार चालू होता म्हणून पोरगी मिरजेत होती. पगार थांबला की पोरगी भट्टीवर, हे आम्हा दोघींनाही लख्ख दिसत होतं.

“मॅडम, मी सगळं म्हणतो,” ती म्हणाली. आमच्या खेड्यातल्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. “गुड मॉर्निंग म्हणतो, थँक्यू म्हणतो, फरशी दोनदा पुसतो. तेवढं नाव सोडून काय बी सांगा.”

“हात कुणी मोडला?”

“न्हाणीत पडलो.”

“अनसाबाई.”

“न्हाणीतच पडलो. त्येंनी ढकललं म्हणून पडलो.”

माझं डोकं फिरलं. रघुनाथ चौगुलेला मी ओळखत होते. पूर्वी एका फौंड्रीत होता, पिऊन आला म्हणून काढला. तेव्हापासून बायकोच्या जिवावर प्यायचा आणि प्यायल्यावर बायकोच्याच जिवावर उठायचा. आठवड्यातून एकदा तरी आमच्या मागच्या गेटवर पैशासाठी येऊन उभा राहायचा.

“आणि असल्या माणसाचं आयुष्य तुम्ही जपताय? नाव घेऊन तो लवकर जाणार असेल तर मी म्हणते दोनदा घ्या!”

अनसाबाईनं दचकून माझ्या तोंडावर हात ठेवला. सुपरवायझरच्या तोंडावर. मग तिचं तिलाच कळलं आणि हात मागं घेतला.

“असं बोलू नका मॅडम. कसा बी असला तरी कुंकू हाय माजं. आमच्या थोरल्या जाऊबाईनं दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं म्हणून घेतलं नाव. दिवाळीच्या आत भावजी गेलं.”

“भावजी विहिरीवरची मोटर लावताना शॉक लागून गेले. तुम्हीच सांगितलंय मला.”

“तेच की. शॉक त्येंलाच कसा लागला?”

मी कपाळावर हात मारला. जाताना एवढंच म्हणाले, “बुधवारी नाव घ्या. नाही तर संगीताला कळवा, सामान बांध म्हणून.”

ती चादरीच्या घडीवर घडी घालत राहिली. रडत होती, पण घडी वाकडी होऊ देत नव्हती.

मंगळवारी राजाध्यक्षांनी तिला सकाळी स्टाफच्या गेटवर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला तिनं पूर्ण नाव घेऊन आत घ्यायचं. येणारा प्रत्येक जण समोर थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि वाट बघायचा. “गुड मॉर्निंग,” ती म्हणायची. “वेलकम टू.” मग गप्प. लोकांना मजा वाटायला लागली. काही जण परत बाहेर जाऊन दुसऱ्यांदा आत आले. किचनमधला बाजीराव तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, “वेलकम टू अहो.” ते वाक्य दिवसभर हॉटेलात फिरत होतं. लिफ्टमध्ये, पॅन्ट्रीत, जिन्यावर. वेलकम टू अहो.

मी राजाध्यक्षांकडं गेले.

“शुक्रवारी तिला सुट्टी देते मी. तपासणीवाल्यांना ती दिसणारच नाही. प्रश्न मिटला.”

“मगदूम मॅडम,” ते गोड आवाजात म्हणाले, “प्रश्न तपासणीचा नाही. मी आजवर कधी हरलेलो नाही. गोव्यात एक म्हातारा तोतरा वेटर होता. आता तो आमच्या ट्रेनिंगच्या फिल्ममध्ये आहे. माणूस म्हणजे ओली माती, फक्त हात घट्ट पाहिजे.”

“ही माती नाही. बाई आहे.”

“बघू ना.”

बुधवारी स्टाफला मटण असायचं. आमच्या कोल्हापुरात बुधवारच्या मटणाला काय किंमत आहे, हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. पण राजाध्यक्षांना ते तीन दिवसांतच समजलं होतं. दुपारी सगळे कॅन्टीनमध्ये जमलो. रश्श्याचा वास थेट जिन्यापर्यंत येत होता. भांड्यांपुढं राजाध्यक्ष उभे. त्यांच्या शेजारी अनसाबाई.

“आज एक साधी गोष्ट,” ते म्हणाले. “ह्यांनी नाव घेतलं की जेवण सुरू. तोवर झाकण उघडायचं नाही.”

पहिल्यांदा लोकांनी गंमतच केली. मग एकानं टाळ्या धरल्या, लग्नात धरतात तशा. “नाव घ्या! नाव घ्या!” सगळ्यांनी ताल धरला. ताटं वाजायला लागली. अनसाबाई दोन्ही हातांनी पदराचा काठ घट्ट धरून उभी होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

ताल थांबला. भूक थांबली नाही.

“मावशी, घ्या की पटकन. रस्सा गार व्हायलाय.”

“मी पहाटेपासनं उपाशी हाय, अनसाबाई.”

“आमी काय केलंय तुमचं?”

“एक शब्द हाय! एका शब्दापायी एवढ्या माणसांची पोटं जाळतीस?”

अहो-जाहोचं अगंतुगं व्हायला वेळ लागला नाही. ज्या बायकांच्या बाळंतपणात अनसाबाईनं त्यांच्या वाट्याच्या खोल्या आवरल्या होत्या, त्या बायकासुद्धा तोंड फिरवून पुटपुटत होत्या. बाजीराव पुढं आला. “असा कोण लागून गेलाय गं तुझा रघुनाथ? रोज संध्याकाळी गटारीच्या कडंला पडलेला असतोय. कुत्री चाटत्यात त्याचं तोंड. त्याच्या आयुष्याला जपतीस व्हय?”

अनसाबाईनं पदराचा काठ आणखी घट्ट धरला. पण नाव आलं नाही.

मी पुढं झाले. “साहेब, हे बंद करा.”

“तुम्हालाही शेवटी जेवायचंय का मॅडम?”

“मला जेवायचंच नाही,” म्हणून मी ताट जमिनीवर आपटलं. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, ताटाचा काठ वाकला तेवढा. एवढी माझी मिरची. भुकेल्या माणसांपुढं ती कुणाला झोंबणार?

तेवढ्यात वॉचमन पोळ आत आला. “सर, त्यो आलाय. मागच्या गेटवर. रघुनाथ.”

राजाध्यक्षांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. खरोखरचा आनंद होता तो.

“आत घेऊन या,” ते म्हणाले. “मानानं आणा.”

रघुनाथ चौगुले आला. भर दुपारी प्यालेला, पण पायावर उभा. वाळलेला, गालफडं बसलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. एवढी माणसं बघून त्यानं सगळ्यांना मिळून एक नमस्कार घातला. कुणी तरी त्याला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या हॉटेलात त्याला बसायला खुर्ची मिळाली असेल.

“तुम्ही रघुनाथ?” राजाध्यक्षांनी विचारलं.

“व्हय जी.”

“तुमच्या नावाचं हॉटेल आहे हे.”

तो खूश झाला. इकडंतिकडं बघून हसला.

“पण तुमच्या मिसेस ते नाव घेत नाहीत. तुमचं आयुष्य कमी होईल म्हणतात. नाव घेतलं नाही तर शनिवारपासून त्यांची नोकरी बंद. मग काय करायचं, तुम्हीच सांगा. तुम्ही परवानगी देता का?”

ते सगळं त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ गेला. शिरलं तसा तो खुर्चीवरून उठला.

“का गं?”

“तुमास्नी ठावं हाय,” अनसाबाई हळूच म्हणाली.

“घे.”

“अवो, थोरल्या वैनींनी...”

“मी काय दादा हाय व्हय शॉक लागून मरायला? घे म्हंतोय न्हवं!”

तिनं मान हलवली. नाही म्हणून. त्यानं फाडकन तिच्या कानाखाली वाजवली. पदर खांद्यावरून घसरला. हात भांड्यावर आपटला, बांगडी फुटून काचा रश्श्याच्या झाकणावर पडल्या.

“प्लीज, हात नको,” राजाध्यक्ष म्हणाले. “बोलून सांगा.” आणि ते एक पाऊल मागं सरकले. बाकी कुणी जागचं हललं नाही. मी धावले आणि रघुनाथचा दंड धरला, पण तोवर त्यानं दुसऱ्यांदा हाणलं होतं.

“नोकरी गेली तर मी काय तुझं हाड चघळू?” तो ओरडत होता. “माझं आयुष्य माझं मी बघतो! मी परवानगी देतो. ह्या समद्यांच्या म्होरं देतो. घे नाव! पायजे तेवढ्यांदा घे! बघू काय वाकडं हुतंय माझं!”

अनसाबाईनं पदर उचलून खांद्यावर घेतला, कमरेला खोचला. ओठाच्या कोपऱ्यात रक्त आलं होतं ते बोटानं पुसलं. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. खाली नाही, कॅलेंडरकडं नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत.

“गुड मॉर्निंग,” ती म्हणाली. “वेलकम टू द रघुनाथ क्रेस्ट, कोल्हापूर.”

आवाज खणखणीत. एक अक्षर इकडं नाही, तिकडं नाही. राजाध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. “परफेक्ट! बघा! परफेक्ट!” झाकणं निघाली. माणसं भांड्यांवर तुटून पडली. कुणी तरी काचा बाजूला सारल्या आणि वाढायला सुरुवात केली.

अनसाबाई मात्र थांबली नाही. “वेलकम टू द रघुनाथ क्रेस्ट, कोल्हापूर,” ती परत म्हणाली. आणि परत. नजर त्याच्यावरून काढली नाही. रघुनाथ आधी हसला. मग त्यानं मान खाजवली. मग म्हणाला, “बास की आता.” ती म्हणतच राहिली. तो गेटपर्यंत चालत गेला, तेव्हा ती कॅन्टीनच्या दारात उभी राहून म्हणत होती.

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. संध्याकाळी मी चादरींच्या खोलीत गेले, तर ती नेहमीसारखी घड्या घालत बसलेली. गाल सुजला होता. मी म्हणाले, “झालं ते झालं. पाहिजे तर अंबाबाईची ओटी भरा, चूक माफ कर म्हणा.”

“कशाची चूक?” तिनं विचारलं. “त्येंनीच सांगितलंय की. समद्यांच्या म्होरं.” घडी बाजूला ठेवून म्हणाली, “मॅडम, मोठ्या दारात पाव्हण्यांना या म्हणायला कोण उभं ऱ्हातंय?”

“कुणी पोरगी ठेवतील. का?”

“मला ठेवा. तितं लई माणसं येत्यात न्हवं?”

शुक्रवारी तपासणीवाले आले, तेव्हा अनसाबाई मोठ्या दारात उभी होती. हिरवी नऊवारी, नाकात नथ, हातात ताम्हन. ते तिच्यावर इतके खूश झाले की तिचा फोटो दिल्लीला नेला. राजाध्यक्षांना बढती मिळाली. नंतर ऐकलं, ते जिथं शिकवायला जातात तिथं अनसाबाईची गोष्ट सांगतात. माणूस कसा घडवावा याचा नमुना म्हणून.

पुढं वर्षभर ती त्या दारात होती. पाहुणा आला की नाव, गेला की नाव. टॅक्सीवाल्याला नाव, पोस्टमनला नाव, चुकून पत्ता विचारायला आलेल्यालासुद्धा पूर्ण नाव. पोर्चमध्ये कुणी नसलं तरी तिचे ओठ हलत असायचे. आम्ही सगळे हळूहळू परत “आपलं हॉटेल” म्हणायला लागलो होतो. ती एकटी कधी चुकली नाही. तिला खोल्यांवर परत घेऊ का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाली. सुट्टीसुद्धा घेईना. घरी काही बोलाचाली झाली, दारू पिऊन त्यानं हात उगारला, की दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आणखी चढलेला असायचा. एवढंच माझ्या लक्षात यायचं, आणि मी म्हणायचे, बाईनं काम मनावर घेतलंय.

रघुनाथ सुरुवातीला ऐटीत यायचा. माझ्या नावाचं हॉटेल, असं पोळला सांगायचा. पुढं पुढं गेटवर यायचा बंद झाला. रस्त्यापलीकडं उभा राहायचा, बायकोचा आवाज ऐकायचा आणि निघून जायचा. पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. काविळीतून उठला आणि परत प्यायला, परत पडला. लिव्हर गेलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यात नवल काही नव्हतं. त्याच्याएवढं पिणाऱ्याचं जातंच.

तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मी सरकारी दवाखान्यात त्याला बघायला गेले. खरं तर अनसाबाईसाठी गेले. रघुनाथ कॉटवर होता. डोळे हळदीसारखे, पोट टम्म, हातपाय काड्या. ती शेजारच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. नऊवारी नव्हती, साधी साडी होती, पण नथ काढायची राहिली होती.

मला बघताच त्यानं माझा हात धरला. “मॅडम, तुमी आलासा बरं झालं. हिला दारातनं काढा.”

“का हो?”

“खोल्या झाडाय लावा, संडास धुवायला लावा. दारात नको.” त्याला धाप लागत होती. “दिसभर नाव घेती माझं. समद्या गावाला ऐकवती. घरी आली तरी घेती. मी झोपल्यालो असतोय, ही भाकरी थापत असती, आणि तोंडानं तेच. मी पाया पडलो हिच्या. मॅडम, मी खरंच पाया पडलो.”

मी अनसाबाईकडं बघितलं. ती मोसंबीच्या फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आजही वाटतं.

“संगीता पास झाली मॅडम,” अनसाबाई म्हणाली. “पुढल्या महिन्यापासनं सांगलीला लागती.”

“चांगलं झालं,” मी म्हणाले. मग काही तरी बोलायचं म्हणून बोलले, “ह्यांची तब्येत अशी आहे, तर चार दिवस रजा घ्या. मी सही करते.”

रघुनाथनं मान उचलली. त्याच्या पिवळ्या डोळ्यांत एकदम जीव आला.

“व्हय,” तो म्हणाला. “रजा. रजा घे की गं.”

“नको,” अनसाबाई म्हणाली. “उद्या दिल्लीचा ग्रुप यायचाय. दोन बसेस भरून.”

रघुनाथ भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. तोंड दाबून, लहान पोरासारखा. अनसाबाईनं ते रडणं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि मोसंबीची फोड त्याच्या ओठांवर ठेवली.

“खावा,” ती म्हणाली. “बिया काढल्यात.”